काडेपेटीसारखे खण

कार्डांचे कोपरे दुमडायला लागले, तेव्हा रेणुकाने कार्डांनी भरलेला बिस्किटांचा डबा आजीच्या, बेबीताईंच्या, मांडीवर आणून ठेवला. आगवाले, पाण्यातले, उडणारे, असे नाना तऱ्हेचे प्राणी त्या कार्डांवर होते.

"कोपरा मोडला की अदलाबदलीत कोणी घेत नाही, आजी. मले खणांचं कपाट करून दे."

बेबीताईंनी चिखलीच्या शाळेत कितीतरी वर्षं कार्यानुभव शिकवला होता. पुठ्ठा दिसला की त्यांचे हात शिवशिवत. कूलरचं रिकामं खोकं माळ्यावर होतंच. ते उतरवून त्यांनी एकसंध कपाट आखलं, चांगलं कमरेइतकं उंच.

निकाल लागला की रेणुका आईबरोबर नागपूरला जाणार होती. तिचे वडील, प्रेमानंद, बदली होऊन आधीच तिकडे गेले होते. एवढं मोठं कपाट सामानात मावणार नाही, हे बेबीताईंना ठाऊक होतं. म्हणून तर ते एवढं मोठं आखलं होतं. कार्डं इथं राहिली, तर प्रत्येक सुट्टीत पोरगी धावत येईल.

रेणुकाने दोन्ही हात पसरून आखणी मापली.

"हे गाडीत कसं जाईन?"

"नाही गेलं तर राहू दे इथंच. मी काय खाऊन टाकतो का तुही कार्डं? सुट्टीत येशीन तवा खेळशीन."

"मंग तिथं काय करू?"

"अभ्यास कर. नवी शाळा आहे."

"नव्या शाळेत कोणी वळखत नाही मले." रेणुका डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "इथल्या वर्गातला धम्मरत्न बी आधी बोलत नव्हता माह्याशी. कार्ड दाखवलं तवा बोलला."

बेबीताईंनी पेन्सिल खाली ठेवली. दरवर्षी जूनमध्ये एखादं नवं पोर दप्तर पोटाशी धरून शेवटच्या बाकावर बसायचं, मधल्या सुट्टीतही उठायचं नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसायला तिथं बेबीताई असायच्या. नागपूरच्या वर्गात त्या नसणार होत्या.

"आण कात्री."

"काऊन?"

"कपाट नको. काडेपेट्या करू, मोठ्या. प्रत्येक खणाले आपलं आपलं कवच. एकावर एक रचल्या की झालं कपाट. कमी पडलं तर तिथं आणखी कर."

रेणुकाने लगेच पट्टी घेऊन कार्ड मोजलं.

"उघडंच मोजलं? तू तर प्लास्टिकच्या कव्हरात ठेवतेस."

रेणुकाने जीभ चावली आणि कव्हर घालून पुन्हा मोजलं. त्या मापाचा जाड पुठ्ठ्याचा साचा कापून झाला. सगळे खण त्याच्यावरूनच आखायचे, म्हणजे कोणताही खण कोणत्याही कवचात जाईल. खणात कार्डांच्या मध्ये घालायच्या पडद्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका निघाल्या.

पहिलं कवच रेणुकाने खणाभोवती इतकं घट्ट चिकटवलं, की खण ओढता ओढता ती मागे पडली.

"माहेर सोडायले तयार नाही हा," बेबीताई म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

मग बेबीताईंनी युक्ती दाखवली. खणाभोवती आधी वर्तमानपत्राचे दोन वेढे द्यायचे, त्यांच्यावरून कवच चिकटवायचं आणि डिंक वाळला की कागद ओढून घ्यायचा. खणाला सरकण्यापुरती जागा उरते.

शेवटची पेटी रेणुकाने एकटीने केली. तिचा पुठ्ठा तिरपा दुमडला जात होता. बेबीताईंनी हात पदराखाली धरून ठेवले. पोरीने आपणच दुमड उलगडली, पट्टी दाबून पुन्हा घातली. डिंक वाळल्यावर कागद काढला. खण एका बोटाने बाहेर आला.

"पाह्य! आता तुहं काही कामच नाही, आजी!"

"नाही," बेबीताई म्हणाल्या. साचाही त्यांनी तिच्याच थैलीत ठेवला.

नागपूरची शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस फोनवर रेणुका नुसतं 'हाव', 'नाही', एवढंच बोलायची. एका रविवारी मात्र फोन उचलताच आवाज खणखणला.

"जयभीम आजी! माह्या वर्गातल्या पायलले मी खण शिकवून राह्यली. ती तर उघडंच कार्ड मोजत होती!"

"मंग?"

"मंग मी सांगितलं ना. आजी, पायल आली वाटते. ठेवू का?"

जेवतेस का, झोप लागते का, सुट्टीत कधी येशील, हे सगळं अजून विचारायचं होतं.

"ठेव," बेबीताई म्हणाल्या. "दारात उभं नको ठेवू तिले."