आगीच्या रात्रीचं पदक

चष्मेवाल्याची आई आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आली होती, आणि ती ऐकून हसला नाही असा माणूस त्या घराने पाहिला नव्हता. युद्ध संपल्यावर टांकसाळीने चांदीची स्मृतिपदकं काढली. त्यातल्या ‘आगीची रात्र’ नावाच्या पदकावर बादली घेऊन एक बाई उभी आहे. ती बाई म्हणजे, म्हातारीच्या म्हणण्याप्रमाणे, ती स्वतः! युद्ध चालू असताना एका चित्रकाराने तिला बादली घेऊन उभं करून चित्र काढलं होतं, तेच पुढे पदकावर आलं म्हणे.

“नोटेवर राजा आणि पदकावर आमच्या सासूबाई,” चष्मेवाल्याची बायको म्हणायची.

“हसा, हसा,” म्हातारी म्हणायची. “एकदा ते पदक घरात येऊ दे, मग बघते कोण दात काढतंय.”

घोडं अडलं होतं ते तिथेच. चष्मेवाल्याकडे वेढ्याचं पदक होतं, पुलाच्या लढाईचं होतं, तहाचं तर असं होतं की लोक खास बघायला यायचे. पण आगीच्या रात्रीचं काही केल्या हाती लागत नव्हतं. म्हणे मोजकीच पदकं पडली आणि साचाच तडकला. ज्यांनी ते पाहिलं होतं ते एवढंच सांगायचे, की बाईजवळ बादली आहे आणि दोर आहे. म्हातारीने तर ते कधीच पाहिलेलं नव्हतं. पदकं निघाली तेव्हा ती घरदार सोडून भलत्याच गावी जाऊन पडली होती.

आणि आता तिला दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! अख्ख्या पेठेला चष्मे लावणाऱ्या माणसाच्या आईपुढे एकही भिंग चालेना. त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हृदय थकलंय, जपा. तेव्हापासून चष्मेवाल्याच्या जिवाला घोर लागला. ही खोटी ठरून जायला नको. खरं सांगायचं तर त्यात नुसती माया नव्हती. ती बाई आपली आई आहे की नाही, हा किडा त्याच्या डोक्यात लहानपणापासून वळवळत होता आणि त्याला तो आता गप्प बसू देत नव्हता.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये संग्राहक जमायचे. टेबलांवर मखमली ट्रे, हातात सुती मोजे, डोळ्याला भिंग, आणि पदक उचलायचं ते फक्त कडेला धरून. चेहऱ्याला बोट लावलं तर लोक असे बघणार, जणू तुम्ही त्यांच्या ताटात हात घातला! त्या रविवारी दातांच्या डॉक्टरांनी खिशातून एक डबी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. चष्मेवाल्याने वाकून पाहिलं. आत आगीच्या रात्रीचं पदक होतं.

“विकणार नाही,” डॉक्टर आधीच म्हणाले. “बदलीत देईन. तुमचं तहाचं द्या.”

“अहो, असलं पदक दुसरं दाखवा कुठे! त्यावरची निळी झाक वर्षानुवर्षांत आपोआप चढलीय.”

“म्हणून तर मागतोय.”

चष्मेवाल्याने भिंग लावलं. बाईचा चेहरा नखाएवढा, त्यातून मान वळवलेली. आई असेलही, कुणी दुसरीही असेल. खांद्यावरून दोर खाली आलेला दिसत होता. हा दोर बादलीचा असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. मग तहाचं पदक डॉक्टरांपुढे सरकवलं. शेजारच्या टेबलावरचा शिंपी नुसता “अरे देवा” म्हणाला.

घरी आल्यावर बायकोला सगळं कळलं. तिने कपाळावर हात मारला, पण पदर खोचून सासूच्या खोलीत सगळ्यांच्या आधी तीच जाऊन बसली. तिलाही राहवत नव्हतं.

चष्मेवाल्याने पदक आईच्या तळहातावर ठेवलं. मोजे-बिजे सगळं गेलं खड्ड्यात. म्हातारीने अंगठा फिरवायला सुरुवात केली. आधी बादली सापडली, तशी ती खुदकन हसली.

“भरलेली होती हो! रिकाम्या बादलीने हात खरा ताणलेला दिसत नाही, म्हणायचा तो चित्रकार. तासभर उभी केली मला मेल्याने.”

“म्हणजे तूच ना?” चष्मेवाला पुढे सरकला.

अंगठा वर गेला, खांद्यापाशी आला आणि तिथून हळूहळू खाली उतरला. पुन्हा वर गेला. म्हातारीचं हसू मावळलं.

“ही मी नाही,” ती म्हणाली.

“अगं, असं कसं? नीट बघ.”

“माझे केस तेव्हा तापात कापलेले होते, मानेपर्यंतसुद्धा नव्हते. हिला वेणी आहे.”

“तो दोर आहे, आई. बादलीचा.”

“डोंबल तुझं! वेणी आहे. खांद्यावरून पुढे घेतलीय आणि टोक कमरेच्या पट्ट्यात खोचलंय. पंपावर पाणी भरताना मध्ये यायची, म्हणून ताई अशी खोचायची. चित्रकाराच्या डोक्यातून असलं निघत नाही रे.”

त्याने भिंग लावून पाहिलं. वेणीच होती. पेडसुद्धा दिसत होते, आणि इतकी वर्षं पदकं पारखणाऱ्या त्याला ते दिसले नव्हते.

आपल्याला एक मावशी होती आणि ती युद्धात गेली, याहून जास्त त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आईने कधी तो विषय काढू दिला नव्हता. आता ती आपणहून बोलली. दुसऱ्या दिवशी चित्रकाराने पुन्हा बोलावलं होतं, पण हिची दवाखान्यात कामाची पाळी होती, म्हणून ताई गेली. “माझंही काढलं चित्र,” असं नाचत सांगत आली. महिनाभराने ती ज्या घरात झोपली होती ते घर बॉम्बखाली गेलं. फोटो नाही, कपडा नाही, काही म्हणता काही उरलं नाही.

“तिचं निवडतील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही,” म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. “आणि मी गावभर माझंच मिरवत बसले.”

बायकोने तिचा हात हातात घेतला. “कशा होत्या हो ताई?” तिने विचारलं, आणि त्या दुपारी जेवणं उशिरा झाली.

पुढच्या रविवारी चष्मेवाला हॉलमध्ये गेला तेव्हा त्याच्या ट्रेमधली तहाच्या पदकाची जागा रिकामीच होती.

“कुठंय आमचं पदक?” डॉक्टरांनी विचारलं. “त्यावरच्या बाई तुमच्या मातोश्रीच निघाल्या का?”

“पदक आईकडे आहे. ती खाली ठेवत नाही. अंगठ्याने झिजवून टाकणार बहुतेक,” चष्मेवाला म्हणाला. “आणि ती बाई माझी आई नाही. माझी मावशी आहे.”

मग त्याने मावशीचं नाव सांगितलं. मावशी गेल्यापासून आईखेरीज ते नाव मोठ्याने उच्चारणारा तो पहिलाच माणूस होता. शिंप्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा सांगितलं.