सेट की स्ट्राइप

आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा! नोकरी जाऊन बावीस दिवस झालेले. व्हिसाच्या नियमाने दुसरी शोधायला साठ दिवस, त्यातले अडतीस उरलेले. आणि सुशांत अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या एका तळघरात हात वर करून किल्टचं माप देत उभा होता. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो चौकड्यांचा घागरा. घागरा म्हटलेलं मात्र त्याच्या लेकीला, अनिकाला, अजिबात खपायचं नाही.

"आज तिला सांगून टाक," बायकोने, रेणूने, निघताना बजावलं होतं. "अकरा वर्षांची आहे. नोकरी नाही मिळाली तर सगळं आवरून पुण्याला जायचंय, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

गाडीत सांगतो म्हणाला. गाडीत कसलं सांगतोय! पोरगी रस्ताभर मांडीवर ड्रमच्या काड्या वाजवत होती, आणि हा तिला टेम्पो चुकतोय म्हणून सांगत होता.

दोन वर्षांपूर्वी बापलेक इथल्या पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमवाल्यांच्या स्कॉटिश पथकात शिरली. पुण्यातल्या पथकात सात वर्षं ढोल बडवलेला माणूस, त्याला मोठा ड्रम मिळाला, तिला छोटा. आजवर सुशांतचं उसन्या किल्टवर भागलं. यंदा बँडने त्याच्यासाठी कापड दिलं, आणि मापाची तारीख तर तीन महिन्यांपूर्वीच ठरलेली. कॅन्सल करायची तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की अनिकाला कळणार. म्हणून गुपचूप आला. भित्रा कुठला!

किल्ट शिवणाऱ्या मिसेस मॅकरे सत्तरीच्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि इंग्रजीत विचारलं, "मागच्या निऱ्या कशा हव्यात? टू द सेट, की टू द स्ट्राइप?"

सेट! चौदा वर्षं पुण्याचा प्रत्येक काका फोनवर हेच विचारत आलेला, 'काय रे, तिकडे सेट झालास ना?' आई तर शेजारणींना सांगत सुटलेली, आमचा सुशांत अमेरिकेत अगदी सेट झालाय.

"नॉट सेट," तो घाईघाईने म्हणाला. "स्टिल ट्रायिंग."

म्हातारी बघतच राहिली. अनिका हसून हसून लोळायची बाकी होती. "बाबा! सेट म्हणजे पॅटर्न, यार!"

मिसेस मॅकरेंनी कापड पसरून दाखवलं. सेट घेतला तर निऱ्या घालूनही चौकडा मोडत नाही, मागूनही किल्ट पुढच्यासारखाच दिसतो. स्ट्राइप घेतली तर प्रत्येक निरीवर तीच एक पांढरी रेघ उभी येते. तुमच्या बँडमध्ये सगळ्यांची स्ट्राइपच आहे, त्या म्हणाल्या. पण एकट्याने लग्नाकार्यात घालायचा असेल तर सेट बरा. आणि नीट विचार करून सांगा, कारण शिवला की आतलं जादा कापड मी कापून टाकते, मग बदलता येत नाही.

अहो, नुसत्या निऱ्यांचा प्रश्न, पण या बिचाऱ्याला त्यात आख्खं भविष्य दिसलं. स्ट्राइप म्हणजे इथे राहणार. सेट म्हणजे जाणार, आणि किल्ट कोथरूडच्या कपाटात लटकणार. पण सांगायला याहून बरी वेळ येणार नव्हती. सेट म्हणायचं, ती का म्हणून विचारेल, मग एका दमात सांगून मोकळं व्हायचं.

"सेट," तो म्हणाला.

अनिकाचं हसू थांबलं. "पण व्हाय? सेट एकटे लोक घेतात. यू आर विथ अस."

"म्हणजे, बेटा, असं आहे की..."

"आणि मी तुझ्या मागे असते ना! तुझ्या किल्टच्या लाइन्स हलतात, त्या बघून मी स्टेप पकडते. सेट घेतलास तर मी काय बघू?"

अरे, बोल ना आता! एकच तर वाक्य होतं. पण त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नोकरी त्याच्या हातात नव्हती, व्हिसा नव्हता, आणि आता जीभही राहिली नाही.

"बरं," तो म्हणाला. "स्ट्राइप."

"येस्स!" अनिका ओरडली.

मिसेस मॅकरेंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. दहा आठवडे तरी लागतील म्हणाल्या. निदान सत्तर दिवस. त्यांनी एका तारखेवर गोल केला आणि फॉर्म पुढे सरकवला. किल्ट न्यायला येणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. सुशांतने पेन उचललं, पण अनिकाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि जीभ दातांत धरून ठळक अक्षरांत स्वतःचं आणि रेणूचं नाव लिहिलं.

"मी आणि आई येऊ," तिने मिसेस मॅकरेंना इंग्रजीत समजावलं. "त्या दिवशी मंगळवार आहे. बाबाला ऑफिस असतं."

मग ती मागे वळली. "हो ना, बाबा?"

"हो," सुशांत म्हणाला.