रंभाबाईची खीर

प्रमोदिनीबाई म्हणजे नियमांची चालतीबोलती वही. संडे स्कूलच्या पोरांकडून काय काय करायचं नाही याची यादी त्यांनी वीस वर्षं घोकून घेतली. काय करायचं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

नागपुरात जरीपटक्याजवळ त्यांचं घर आणि भिंतीला भिंत लागून रंभाबाईचं. रंभाबाईकडे छप्पन सालापासून बुद्धाची तसबीर. दर वैशाख पौर्णिमेला तिच्याकडून खिरीचा डबा यायचा. प्रमोदिनीबाई तो हसून घ्यायच्या, खीर मागच्या दारी बकरीपुढे ओतायच्या आणि रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून परत करायच्या. मूर्तीपुढचं खायचं नाही, हा नियम. शेजारही राखला आणि धर्मही, अशी त्यांची समजूत.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात त्यांना टायफॉइड झाला. चर्चची माणसं आली आणि दारातूनच प्रार्थना करून गेली. मुलगी प्रेमलता दिवसभर तारघरात नोकरीला. एकवीस दिवस त्यांचं अंग पुसलं, शौचाचं भांडं उचललं, ते रंभाबाईनं.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला प्रमोदिनीबाईंनी डब्याची वाट पाहिली नाही. स्वतःच रंभाबाईच्या घरी गेल्या आणि चटईवर बसल्या.

"वाढ तुझा नैवेद्य," त्या म्हणाल्या.

"नैवेद्य कायचा वं बाई? आमच्यात नसते ते," रंभाबाई हसली. "दूध-तांदळाची खीर हाय. खाय पोटभर."

त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. गल्लीतून जाणाऱ्या चर्चच्या एका बाईनं ते पाहिलं, आणि अशा बातम्यांना पाय फुटायला कितीसा वेळ लागतो! चौथ्या दिवशी चर्चच्या पंचांचे सेक्रेटरी मधुकरराव चार ओळींचं माफीपत्र घेऊन दारात हजर.

"रविवारी सगळ्यांपुढे वाचा. नाही तर पोरीचं नाव वाचल्या जाणार नाही," त्यांनी बजावलं.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचायची आणि कुणाची हरकत आहे का विचारायचं, अशी रीत. प्रेमलताचे दोन रविवार झाले होते, तिसराच उरला होता. पोरीचं वय अठ्ठावीस, महत्प्रयासानं जुळलेलं स्थळ, पत्रिका वाटून झालेल्या.

"वाचून टाक ना आई," प्रेमलता रडवेली होऊन म्हणाली. "चारच तर ओळी आहेत. मनातलं देवाले माहीतच आहे."

प्रमोदिनीबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला.

रविवारी त्या सगळ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि पहिली ओळ वाचली, "मी पाप केलं आहे." मग कागदाची घडी घातली.

"हे खरं आहे. पण पाप कोणतं, ते मधुकररावांनी चुकीचं लिहिलं. सतरा वर्षं त्या बाईनं मले खीर दिली अन् मी बकरीले घातली. वरून गोड तोंड करून साखर पाठवली. तेव्हा मले कोणी पंचांपुढं काहून नाही बोलावलं? मी मरून राहिली होती तेव्हा तिनं माझी घाण काढली. तिच्या हातची खीर खाल्ली, त्याची माफी मी मागत नाही. बकरीले घातली, त्याची मागते. अन् तेही तुमच्यापाशी नाही. देवापाशी अन् तिच्यापाशी."

मधुकरराव ताडकन उठले. "बंद करा! पोरीचं नाव वाचल्या जाणार नाही!"

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मनानं भले, पण पंचांपुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. लेकीकडे पाहायचं धाडस प्रमोदिनीबाईंना होईना.

तेवढ्यात बायकांच्या बाकांवरून प्रेमलताच पुढे आली. आईच्या शेजारी उभी राहिली आणि पाळकसाहेबांपुढचं लग्नसूचनांचं रजिस्टर तिनं आपल्याकडे फिरवलं. खणखणीत आवाजात ती वाचू लागली.

"नागपूरची प्रेमलता आणि अमरावतीचे शरच्चंद्र यांच्या लग्नाची ही तिसरी आणि शेवटची सूचना. कोणाची हरकत असेल, तर त्यानं उभं राहून कारण सांगावं."

मधुकरराव उभेच होते. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"सांगा ना काका," प्रेमलता म्हणाली. "काय कारण लिहू?"

त्यांनी तोंड उघडलं. खीर हा शब्द त्या भरल्या चर्चमध्ये काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना. दोन्ही बाजूंना पाहून ते खाली बसले.