सरावाचा हात

नर्सिंग कॉलेजात एक प्लॅस्टिकचा हात होता. सलाईनची सुई टोचायला सगळ्या वर्गाने शिकायचं ते त्याच हातावर. वर्षानुवर्षं टोचून टोचून कोपराच्या वळणात त्याला आयतं भोक पडलं होतं. हुशार, ढ, झोपाळू, सगळ्याच मुली त्या भोकात बरोब्बर सुई घालून पास झाल्या. बारकीला तर शाबासकीही मिळाली. खऱ्या वॉर्डात मात्र त्यांच्या वाट्याला चादरी, थर्मामीटर आणि बेडपॅन. सुईपर्यंत पाळी कधी आलीच नाही.

वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून ती बारकी. पदवी मिळाल्यावर तिने शहरातली हॉस्पिटलं पालथी घातली. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? काहीच नाही म्हटलं की समोरचा फाइल मिटून परत द्यायचा. नोकरीशिवाय अनुभव काय झाडाला लागतो, असं विचारायची सोय नव्हती. तिची मैत्रीण चिमणी याला कंटाळून औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली होती आणि नर्सचं शिक्षण घेऊन दिवसभर खोकल्याच्या बाटल्या विकत होती.

शेवटी एका हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरांनी बारकीची फाइल उघडलीच नाही. त्या म्हणाल्या, "कागद सगळ्यांचे सारखेच असतात. मला हात बघायचाय. सोमवारी ये, पेशंटला सुई लावून दाखव. पहिल्या फटक्यात लागली तर त्याच दिवशी रुजू हो."

बाहेर नातेवाइकांच्या बाकावर तिच्यासारख्याच आणखी चौघी फायली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बारकी कुणाकडेही न बघता पुढे गेली.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई लाँड्रीत इस्त्री करायची. नवरा गेल्यापासून त्या इस्त्रीवर तिने घर ओढलं होतं आणि पोरीला शिकवलं होतं. ती भांडी घासत होती. तिने हात पुसले, बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"घे."

"आई, काहीतरीच काय!"

"परक्या माणसाला टोचायला निघालीस ना? मग मी काय वाईट? इस्त्रीचे चटके खाऊन माझं कातडं जाड झालंय. इथे जमलं तर कुठेही जमेल तुला."

चिमणीने दुकानातून सुया दिल्या. दंडाला रबर बांधून बारकी शीर शोधू लागली. आईच्या हातावर भोक नव्हतं. शीर बोटाखालून निसटायची, सुई आरपार जायची, कातडीखाली निळी गाठ उठायची. आई दुसरीकडे बघत लाँड्रीतल्या गमती सांगत राहायची, आणि गोष्ट मध्येच थांबली की बारकीला कळायचं की दुखलं. डावा हात भरला तसा उजवा पुढे आला. हळूहळू बोटांना समज येऊ लागली, पण तोवर सुया संपल्या. चिमणी म्हणाली, मालकाचं लक्ष गेलंय, आता नाही जमणार.

शनिवारी बारकी झोपून उठली तर टेबलावर धुतलेल्या रुमालावर वापरलेल्या सुया ओळीने मांडलेल्या.

"फेकून काय देतेस गं चांगल्या वस्तू?" आई म्हणाली. "उकळत्या पाण्यात घालून काढल्यात."

एकदा वापरलेली सुई दुसऱ्यांदा वापरायची नाही, हे बारकीला झोपेतसुद्धा म्हणून दाखवता आलं असतं. परीक्षेत तिने त्यावर पानभर लिहिलं होतं. आईला ते माहीत नव्हतं, तिला होतं. पण सोमवार तोंडावर आला होता. तिने रुमालावरची एक सुई उचलली आणि आईच्या उजव्या हातात टोचली. ती पहिल्या फटक्यात लागली, आणि दोघी खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

सोमवारी सकाळी आईने उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता. बारकीने विचारलं तर म्हणाली, "जरा कणकण आहे, घाम आला की उतरेल. तू नीघ." डबाही तिने डाव्या हाताने दिला. बारकीने ते पाहिलं, पण डोक्यात नुसती सुई होती.

सुई लागली. एका म्हाताऱ्या पेशंटच्या हाडकुळ्या हातात, पहिल्या फटक्यात. मोठ्या सिस्टर बरं म्हणाल्या आणि त्यांनी तिला एप्रन दिला. तो तिला घोट्यापर्यंत येत होता. बारकीला आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीचा मालक तिच्या आईला घेऊन आला. ती इस्त्री करताकरता कोसळली होती. तापाने फणफणली होती, तरी वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगत होती, "ही माझी मुलगी. इथे नर्स आहे." सिस्टरांनी स्वेटरची बाही कापली. उजवा हात दंडापर्यंत सुजून लाल झाला होता आणि कोपराच्या वळणात पू धरला होता.

"हे कशाने झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चटका बसला इस्त्रीचा," आई चटकन म्हणाली.

डॉक्टरांनी डावा हात पाहिला. तिथे टोचल्याच्या जुन्या खुणा रांगेने निळ्या-पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. बारकी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. गप्प बसली असती तर नोकरी राहिली असती. आईने त्यासाठीच तर खोटं सांगितलं होतं. आई डोळ्यांनी तिला दटावत होती.

"चटका नाही," बारकी म्हणाली. "मी सुईचा सराव केला. वापरलेली सुई पुन्हा वापरली. मला माहीत होतं."

औषध शिरेतून तातडीने द्यायचं होतं. मोठ्या सिस्टरांनी डाव्या हातावर दोनदा प्रयत्न केला, पण शिरा सगळ्या कामातून गेल्या होत्या. तेव्हा आईने पांघरुणातून पाय बाहेर काढला.

"इथे बघा. इथे टोचलेलं नाही अजून." मग म्हणाली, "तिलाच लावू द्या. तिचा हात बसलाय आता."

मोठ्या सिस्टर बाजूला सरकल्या. "लाव," त्या म्हणाल्या. "लागली की एप्रन काढून ठेव आणि बाहेर बस."

नव्या पाकिटातली सुई पहिल्या फटक्यात लागली. "बघा, म्हटलं नव्हतं?" आई पुटपुटली आणि तिने डोळे मिटले. बारकीने दोनदा हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला.

बारकी नातेवाइकांच्या बाकावर येऊन बसली. रडू येत होतं, पण बाहेर पडत नव्हतं. शेजारी फाइल छातीशी धरून एक मुलगी बसली होती.

"इथे नर्सची जागा आहे म्हणे," ती हळूच म्हणाली. "खरंय का हो?"

"आहे," बारकी म्हणाली. "आत्ताच झालीय."

"अनुभव मागतात?"

"नाही. सुई लावून दाखवायला सांगतात." आत पडद्यामागे घाईची पावलं वाजत होती. बारकीने त्या मुलीचं मनगट घट्ट धरलं. "घरी कुणाचा हात घेऊ नकोस. कुणी दिला तरी घेऊ नकोस."