नवरीच्या जीपची जाळी

नागपूरचा मे महिना बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. जरीपटक्यात टिनाच्या शेडवर बसलेली पालसुद्धा दुपारी चारही पाय एकदम टेकवत नाही. दोन खाली, दोन सुट्टीवर, अशी पाळी लावून बसते. अशा गावात जो थंडावा देईल तो देव. बाबूलाल देव नसला तरी पुजाऱ्याच्या जागेवर त्याचा हक्क होता. त्याचं दुकान रेडिएटरचं.

माणूस मूळचा उमरेडच्या विणकर घरातला. बापाचा हातमाग थांबला तेव्हा त्याने धोटा ठेवून हातोडी घेतली, पण बोटं मागाचीच राहिली. त्याच्या लेखी रेडिएटर म्हणजे तांब्यापितळेची साडी. उभ्या चपट्या नळ्या हा ताणा, त्यांच्या मधून नागमोडी जाणाऱ्या कागदासारख्या पत्र्या हा बाणा. इंजिनात तापलेलं पाणी नळ्यांतून खाली उतरतं, पत्र्या त्याची धग आपल्या अंगावर घेतात आणि समोरून येणाऱ्या हवेच्या ओटीत घालतात. पाणी निवून परत इंजिनाकडे जातं, की पुन्हा तेच. ना आवाज, ना तक्रार. या सगळ्या विणीला दुकानात म्हणायचं जाळी.

"एका ट्रकची जाळी उलगडून आंथरली ना," बाबूलाल गिऱ्हाइकाला सांगायचा, "तं हे आख्खं मार्केट झाकून वरून पदर उरन!"

गिऱ्हाईक हसायचं, पण जाताना जाळीकडे जरा आदराने बघायचं. एका ड्रायव्हरने तर शपथेवर सांगितलं होतं, की बाबूलालची जाळी बसवल्यापासून त्याला ट्रकमध्ये सर्दी होते. बाबूलालने ती गोष्ट नाकारली नाही.

एके सकाळी कुहीचे चंपतराव आपली म्हातारी जीप घेऊन दारात आले. धानाची शेती, मिशा पांढऱ्या, आवाज बांधावरून बांधावर पोचणारा. जीप चालवत होती त्यांची मुलगी मिनल. हिने पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या वाहता वाहता याच जीपवर हात बसवला होता.

"बाबूलालभाऊ, इज्जतीचा सवाल आहे गा," चंपतराव उतरता उतरताच म्हणाले. "पोरीचं लगन आहे या आठवड्यात. साखरपुड्याच्या दिवशी इनं पाहुन्यांले या जीपीत गाव दाखवलं, अन् चौकातच हे उकळली! नवऱ्या पोराचा काका हाये ताराचंद, तो सगळ्यांसमोर म्हने, 'नवरी येईन बापा, पन मांगून पान्याचा टँकर पाठवा लागन!'"

"अन् सगळे हासले," मिनल म्हणाली. "बाबूलालकाका, मी ठरवलं आहे. वेशीवरच्या मारुतीपाशी सीमांतपूजन झालं, का नवरदेवाले मीच या जीपीत बसवून मांडवात आनीन. सौरवले चालते. त्याच्या काकाले चालत नाई, म्हनून तं आनाचाच आहे."

"वरातीच्या चालीनं?" बाबूलालने विचारलं.

"वरातीच्याच. पुढं नाचनारे, मांगं मी."

"आन् एकदा जरी वाफ निघाली," चंपतरावांनी बोट वर केलं, "तं सजवलेली गाडी सांगतो मी. लग्नातला टोमना नातवंडांपर्यंत पुरते!"

बाबूलालने बॉनेट उघडलं. जुनी जाळी गंजून चाळणी झाली होती. या जातीच्या जीपची आता बाजारात मिळतही नव्हती. म्हणजे नळीनळीने नवी बनवायची. बाबूलालच्या डोळ्यांत जे चमकलं ते बघून चंपतरावांना थोडा धीर आला.

"अशी वीन देतो," तो म्हणाला, "का मुंगीले बी वाट नाई सापडनार."

आणि तशीच दिली. बाबूलालच्या घरात तीन पिढ्या कापडाची एकच परीक्षा होती: उजेडासमोर धरा, जितका उजेड कमी दिसेल तितकी साडी चांगली. त्याने नळ्यांच्या रांगेमागे रांग लावली, एरवी असतात त्याहून कितीतरी जास्त. पत्र्या अशा दाटीने बसवल्या, की फणीने ठोकल्यासारख्या. कथलाचा डाग दिसला तर शपथ. जाळी उजेडासमोर धरली तर मेमधला नागपूरचा सूर्यसुद्धा पलीकडे दिसेना. शेजारचे दुकानदार बघायला आले. एकाने हात जोडले.

जाळी जीपला बसली. मिनल चालवायला, बाबूलाल बाजूला, चंपतराव मागे. मोकळ्या रस्त्यावर इंजिनाची धग दाखवणाऱ्या काट्याने मान वर केली, पण रागाने नाही. मग मिनलने मुद्दाम कळमन्याची वाट धरली. बाजाराबाहेर आंब्यांच्या ट्रकांची रांग, त्यात हमाल, हातगाड्या, आडवी आलेली गाय. वरातीची चाल शिकायला याहून चांगली शाळा नाही. जीप मुंगीच्या पावलाने सरकू लागली, आणि काटा उडी मारून उठला. थोड्याच वेळात बॉनेटखालून अशी शिट्टी निघाली, की आंब्याच्या पेट्यांवर झोपलेला एक व्यापारी रेल्वे आली समजून पिशवी घेऊन उभा राहिला.

चंपतरावांचा बांधापलीकडे पोचणारा आवाज एकदम खाली आला. तेच वाईट होतं.

"जाऊ द्या बाबूलालभाऊ. तुम्ही मेहनत केली. मी सांगतो त्या सजवलेल्या गाडीवाल्याले."

मिनलने जीप कडेला घेऊन इंजिन बंद केलं. "काका," ती म्हणाली, "जाळी तं सुंदर आहे. मंग काहून?"

बाबूलालने पुन्हा एकदा वाकून जाळीकडे पाहिलं. "परवापर्यंत जीप दुकानात राहू द्या," तो म्हणाला. "मंग खुशाल गाडी सांगा."

घरी आला तर बायको, कुसुमावती, कूलरचा मागचा दरवाजा काढून बसली होती. पाण्याने भिजलेल्या वाळ्याचे पुंजके मुठीमुठीने उपसून अंगणात फेकत होती.

"अवं, काय करून राहिली? कालच भरला मी तो!"

"भरला नाई, ठासला!" तिने आणखी एक मूठ फेकली. "रातभर पंखा बोंबलून राहिला अन् हवा एक फुंकर नाई. तुमच्या हातची घट्ट वीन साडीले शोभते. इथं हवेले आत तं येऊ द्या!"

तिने वाळ्याची ताटी विरळ करून दारात बसवली, बटण दाबलं, आणि समोरच्या दाराचा पडदा सरळ आडवा उडाला.

बाबूलाल त्या पडद्याकडे बघत उभा राहिला. मग न जेवता सायकलवर दुकानात गेला, जीपमधून जाळी उतरवली आणि पाठीवर बांधून परत घरी आला. कुसुमावतीने एकदा त्याच्याकडे, एकदा जाळीकडे पाहिलं.

"आता इले बी कूलरमंधी ठेवता का?"

"कूलरसमोर. तू तिकडून धागा धर."

तिने सुताचा एक धागा जाळीमागे धरला. अलीकडून कूलर घोंघावत होता, पण धागा खाली मान घालून लटकत राहिला, शोकसभेत उभा असल्यासारखा.

"मेला," कुसुमावती म्हणाली.

"मीच मारला," बाबूलाल म्हणाला. "साडीतून हवा गेली तं साडी वाया. यातून नाई गेली तं हे वाया. धग घेनारे इतके बसवले, पन ते नेनाऱ्या हवेले रस्ताच नाई ठेवला." तो खाली वाकून कूलरच्या पंख्याकडे बघू लागला. "अन् हे कडं पाह्य. पंखा कड्यात बसला आहे म्हनून वाळ्यातून हवा ओढते. जीपचा पंखा उघडाच. पळत्या गाडीले समोरून वारा भेटते, चालून जाते. वरातीत वारा कुठला? पंखा आपला जागच्या जागीच हवा घुसळते."

"मंग द्या त्याले बी कडं," कुसुमावती म्हणाली, जणू बांगड्या भरायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात जो बाबूलाल बसला, त्याला बघायला विणकाम येणाऱ्यांनीच यायला हवं होतं. आपल्याच हातची जाळी त्याने उसवली, चेहऱ्यावर आठी न आणता. मागच्या रांगा काढून टाकल्या. पत्र्या मोकळ्या मोकळ्या घेतल्या, आणि प्रत्येकीवर बारीक तिरप्या चिरा पाडल्या, म्हणजे आत शिरलेली हवा नुसती घसरून न जाता प्रत्येक काठाला घासून जाईल. अर्धं तांबं, पण त्यातला तसू न् तसू कामाला लावलेला. मग पत्रा वाकवून पंख्याभोवती अशी टोपी बसवली, की पात्यांची टोकं तिच्या कडेला शिवता शिवत नाहीत. जाळी उजेडासमोर धरली तर पलीकडचं अख्खं दुकान दिसत होतं. त्याच्या बापाने ही साडी चुलीत घातली असती. डबा घेऊन आलेल्या कुसुमावतीने दुकानातल्या कूलरपुढे ठेवलेल्या जाळीमागे धागा धरला, आणि धागा तिच्या हातातून निसटून रस्त्यापलीकडच्या चहावाल्याच्या किटलीवर जाऊन बसला. असं चहावाला तरी सांगतो.

मिनलने जीप पुन्हा कळमन्याच्या गर्दीत घातली. काटा मधोमध येऊन बसला तो जागचा हलेना. तिने काचेवर टिचक्या मारून पाहिल्या, बिघडला की काय म्हणून. चंपतरावांनी गाडीवाल्याला सांगितलंच नाही.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळ झाली तरी कुहीच्या वेशीवर ऊन दगडातून परत वर येत होतं. नवरदेवाची नवीकोरी गाडी ताराचंदने स्वतः सजवून आणली होती. समोरून झेंडूची चादरच चढवलेली, नंबरही दिसत नव्हता. सीमांतपूजन झालं. मिनल शालू खोचून जीपमध्ये चढली तशी बायकांत कुजबुज झाली आणि पोरांत शिट्ट्या. सौरव हसत तिच्या बाजूला येऊन बसला.

"बसा, बसा!" ताराचंद आपल्या थंडगार गाडीतून ओरडला. "आमी मांगूनच येतो. गरज पडनच!"

डीजे सुरू झाला. वरात अशी सरकत होती, की तिच्यापेक्षा सावली लवकर पुढे जात होती. बाबूलाल नाचणाऱ्यांत नव्हता. तो जीपच्या बाजूने चालत होता, एक हात बॉनेटवर, नाडी बघावी तसा. आत टोपीतला पंखा एका सुरात हवा ओढत होता. चौक आला. साखरपुड्याला जीप इथेच उकळली होती. मिनलने काट्याकडे पाहिलं, बाबूलालने मिनलकडे.

फस्स झालं. वाफेचा ढग उठला, सगळे ओरडले, डीजे थांबला.

बाबूलालचा हात बॉनेटवरच होता. त्याखाली काहीच बदललं नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. वाफ झेंडूच्या चादरीतून येत होती. फुलं एसीसकट शिजून निघाली होती. हवेला आत जायला जागाच ठेवली नव्हती.

ताराचंद उतरला. अख्खं गाव त्याच्याकडे बघत होतं. कोणी हसलं नाही; हसण्यासारखं जे होतं ते सगळ्यांना न बोलता कळलं होतं.

"काकाजी," मिनल जीपमधून म्हणाली, "दोर आहे आमच्याकडं. बसा तुमी, स्टिअरिंग धरा फक्त."

आणि अशी ती वरात निघाली: पुढे डीजे, मग नवरी चालवतेय ती जीप, जीपमध्ये नवरदेव, आणि दोराने बांधलेली नवीकोरी गाडी, जिच्या काचा खाली करून ताराचंद घाम पुसत बसला होता. मांडवापर्यंत काट्याने मान वर केली नाही.

दारात चंपतरावांची बहीण, बायजाबाई, आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने नवरदेवाला ओवाळलं, मिनलला ओवाळलं. मग मुद्दाम दोन पावलं सरकून जीपच्या नाकावर कुंकू लावलं आणि अक्षतांची मोठी मूठ भरली.

"नाई वं बाई, नाई!" बाबूलाल गर्दीतून हात पसरून धावला. "कुंकू पायजे तितकं लावा. पन जाळीत तांदूळ नोका टाकू, हवा अडते!"