ढोलाच्या आधी पडलेलं पाऊल

मी संगीत डोळे मिटून ऐकतो. मिजास म्हणा हवं तर. आमच्या ताकाओका शहरातल्या ज्या कारखान्यात देवघरातल्या घंटा ओततात, तिथं मी जन्मभर घंटा वाजवून पारखायचं काम केलं. नाद खोटा निघाला तर घंटा परत भट्टीत धाडायची की नाही, हे मी ठरवायचो. डोळे उघडे असले की माणूस पितळेची चकाकी बघतो आणि नादाला माफ करून टाकतो, असं माझं ठाम मत आहे. निवृत्त झाल्यावर हेच कान मी घरच्या स्टिरिओकडे वळवले आणि, माझ्या बायकोच्या शब्दांत सांगायचं तर, बैठकीची खोली कामातून गेली.

माझी बायको किनुको नाच शिकवते. आमच्याकडचा जुना नाच, हातात पंखा घेऊन, लाकडी जमिनीवर मोजूनमापून पावलं टाकत करायचा. तिच्या गुरू योशिहारुबाई कानाझावाच्या. त्यांनी आपल्या नावातला 'हारु' काढून हिला दिला आणि नाचातलं नाव ठेवलं किनुहारु. लग्नात मी दिलेलं आडनाव ती टपालवाल्यापुरतं वापरते. हे दुसरं नाव मात्र तिनं जिवापाड जपलंय.

बाई गेल्या. शरद ऋतूत त्यांच्या लेकीनं एका जुन्या कार्यक्रमाचं चित्रण संगणकावर उतरवून आम्हाला पाठवलं. बाई त्यात ऐन उमेदीत होत्या आणि नाच तोच होता, जो किनुको त्यांच्यासमोर उभी राहून शिकली होती. पण शिकताना शिष्य स्वतःच्या पायांत अडकलेला असतो. बाईंना निवांत बघण्याची संधी तिला पहिल्यांदाच मिळत होती.

"टीव्हीचा आवाज पुरे आहे हो," ती म्हणाली.

"टीव्हीतून ढोल ऐकणं म्हणजे पत्र्याचा डबा बडवणं. दोन दिवस दे मला."

"तुमचे दोन दिवस म्हणजे नवीन वर्ष उजाडणार."

जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक अ‍ॅम्प्लिफायर आणला. संगणकातून चित्र टीव्हीकडे जायचं आणि आवाज एका बारीक वायरीतून, प्रकाशाच्या रूपानं, या पेटीकडे यायचा. जोडलं सगळं, पण आवाजाचा पत्ता नाही. संगणक आवाज टीव्हीकडेच पाठवत होता. ते बदललं, तरी पेटी मुकी. मी वायर उलटीपालटी केली, पेटीला शिव्या घातल्या, दुकानदाराचा उद्धार केला. किनुको चहा घेऊन आली, वाकली आणि वायरीच्या टोकावरचं पारदर्शक टोपण नखानं काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे घालूनच ऐकायचं असतं का?"

टोपण निघाल्यावर वायरीच्या टोकाला तांबडा उजेड दिसला, पण पेटीतून नुसती खरखर आली. संगणक आवाज सिनेमासाठीच्या, गुंडाळलेल्या रूपात पाठवत होता आणि पेटीला तो उलगडता येत नव्हता; तो साधा, दोन बाजूंचा करून दिला. आणि मग ढोल वाजला. काय वाजला! मी डोळे मिटले. थाप छातीत उतरली. बाईंचं पाऊल लाकडावर पडल्याचा आवाजही स्पष्ट कळत होता.

"आता बोल," मी म्हणालो.

ती नुसती पडद्याकडे बघत होती. मला वाटलं, बाईंच्या आठवणीनं गलबलली असेल.

पुढचे काही आठवडे ती रोज ते चित्रण लावायची. आधी सोबत नाचायची, मग नुसती बसून राहायची. शिकवण्या तिनं थांबवल्या. जेवणात लक्ष नाही, माझ्या वायरींवरून टोमणे नाहीत. टोमणे थांबले तेव्हा मी खरा घाबरलो. एक दिवस दुपारी बघतो तर तिनं आपला पंखा रेशमी कापडात गुंडाळून दाराशी ठेवलाय आणि वर कानाझावाची दोन तिकिटं.

"हे काय?"

"उद्या बाईंच्या घरी, त्यांच्या लेकीकडे जायचंय. नाव परत करणार आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आयुष्यभराचं नाव! का पण?"

"मला त्या नाचाचं मर्मच कळलं नाही म्हणून." ती शांतपणे सांगत होती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "मी कायम ढोलाच्या थापेवर पाऊल टाकलं. बाई तसं करतच नाहीत. त्यांचं पाऊल आधी पडतं, थाप मागून येते. जणू पाऊल ढोलाला बोलावतं. प्रत्येक वेळी हो, एकदाही चूक नाही. आणि मला मात्र त्या म्हणायच्या, छान, असंच राहू दे."

"मग छानच असेल ना!"

"तुम्हाला नाही कळायचं. ज्याच्याकडून आशा असते त्याला गुरू रागावतात. दुसऱ्या मुलींना त्या पंख्यानं मारायच्या. मला कधी बोट लावलं नाही. मला वाटायचं, मी लाडकी आहे." तिनं पंख्यावरची तिकिटं सरळ केली. "त्यांनी माझ्यावर पाणी सोडलं होतं आणि दया म्हणून नाव दिलं."

मला राग आला. कुणाचा ते कळेना, मेलेल्या बाईंचाही आला. म्हटलं, "लाव ते. मला ऐकू दे."

तिनं लावलं. मी सवयीनं डोळे मिटले. पाऊल लाकडावर पडलं, ढोल वाजला, दोन्ही एकदम. जोडून ओतल्यासारखे.

"कुठे आधी पडतंय? बरोबरच तर आहे."

"डोळे उघडा आणि बघा की एकदा!"

मी उघडले. बाईंनी पाऊल उचललं, टाकलं. जमिनीला टेकलं. आणि मग ढोल. खरंच मागून. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीत अडकलं. लाकडावरचा धप्प आवाजही मागूनच आला होता, ढोलाबरोबर.

घंटेवर टोला पडला की नाद तिथल्या तिथं उमटतो. टोला आत्ता आणि नाद मग, अशी घंटा माझ्या हातून कधी गेली नाही. ढोलकऱ्याला उशीर होईल, पण पावलाच्या स्वतःच्याच आवाजाला उशीर कसा होईल?

"किनुको, डोळे मिट."

"आता काय नाटक?"

"मिट ग. बघू नकोस, नुसतं ऐक. ढोल सोड, पायाचा आवाज ऐक."

ती गुडघ्यांवर बसली आणि डोळे मिटले. पाऊल, ढोल. पुन्हा पाऊल, ढोल. तिच्या मांडीवरची बोटं घट्ट झाली.

"बरोबर पडतंय," ती हळूच म्हणाली.

मी आवाज संगणकाच्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरवर आणला. पत्र्याचा डबाच तो, पण पाऊल टेकलं की त्याच क्षणी वाजत होता. पेटीवर नेला की मागे. मग पेटीच्या सेटिंगमध्ये शिरलो. एका कोपऱ्यात होतं: आवाज किती उशिरा सोडायचा. पहिल्या मालकाचा टीव्ही संथ असावा. चित्र मागे पडायचं म्हणून त्यानं आवाजालाही थांबवून ठेवलं होतं. आमच्या टीव्हीला त्याची गरज नव्हती. मी तो आकडा शून्यावर आणला.

बाईंचं पाऊल पडलं आणि ढोल त्याच जागी, त्याच क्षणी वाजला.

किनुको उठली. दाराशी जाऊन पंखा कापडातून सोडवला आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिचं पाऊल आमच्या जमिनीवर पडलं, बाईंचं पडद्यात, आणि ढोल. तिन्हींचा मिळून एकच आवाज. मी डोळे मिटले नाहीत. नाच संपल्यावर ती तिथंच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

मी म्हणालो, "इतके दिवस गप्प का राहिलीस? माझ्या शर्टाच्या बटणापासून भात वाढण्यापर्यंत सगळ्यात खोट काढतेस. एकदा म्हणायचंस ना, तुमची ही पेटी बिघडलीय म्हणून!"

तिनं डोळे पुसले. "मला वाटलं, आवाजात खोट असती तर तुम्हाला कळली असती."

आयुष्यात माझ्या कानांचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नाही, आणि ते ऐकताना मला तोंड लपवावंसं वाटलं.

"तिकिटं परत करून येतो," मी कसंबसं म्हणालो.

"नको. जाऊ या. बाईंच्या थडग्यावर. त्यांनी मला दयेपोटी फसवलं असं मनात धरलं मी, माफी मागायला हवी. तुम्हीही मागा. पेटी तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिनं रिवाजाप्रमाणे थडग्याच्या दगडावर पाणी ओतलं, उदबत्ती लावली आणि पंखा समोर ठेवून दोघं वाकलो. ती उठली तरी मी वाकलेलाच होतो.

"पुरे हो," ती म्हणाली. "पाठ धरेल."