दाताने तोडलेला दोरा

दात काढून टाका, रजा देतो, असं तुम्ही टेबलापलीकडूनच म्हणालात साहेब, माझ्या तोंडात डोकावलाही नाहीत. कारखान्याचे डॉक्टर ना तुम्ही? मग ही सुई, आता माझ्या डोळ्यांसमोरून जातेय ती, शिवणाची नव्हे, केसाएवढी बारीक, पिवळ्या मुठीची... ही तुम्ही कधी हातात तरी धरलीत का?

“आतली नस सडलीय,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ती काढते, मुळाची पोकळी घासून धुते, मग भरायची. वर टोपी.”

“मेलेला दात ठेवून काय करू?” तिने इंजेक्शनच्या आधीच विचारलं होतं.

“नस मेलीय, बाई. दात हाडाने अजून घट्ट धरलाय. हाड सोडत नाही, आपण कशाला सोडायचा?”

कोपऱ्यात नणंद बसलेली. कारखान्यात शेजारच्याच मशीनवर असते. “डॉक्टर, वहिनीचं तोंड उघडं आणि आवाज नाही! दादाला बोलावू का बघायला?”

हसता येत नाही, नुसतं पोट हलतं. सुईची खरखर कवटीत घुमते — दुखत नाही, ऐकू येतं — दोरा तुटतानाही असंच कानाच्या आत कट् व्हायचं... एका फ्रॉकच्या शिवणीत कात्रीचं मोडकं टोक सापडलं आणि सगळ्या कात्र्या सुपरवायझरच्या टेबलाला साखळीने बांधल्या गेल्या. दोरा कापायला उठावं तर मागे कापडाचा ढीग, वर सुपरवायझरचं “बाई, फिरायला आलात का?” मग दातच. सगळ्याजणींचे. नायलॉनचा दोरा, समोरचा तोच दात, आधी खाच, मग तडा, मग ठणका — आणि मी मेली समजत राहिले की आमच्या माहेरचे दातच कच्चे, आईचे तसे, माझे तसे...

“आज औषध घालून तात्पुरतं बुजवते. पुढच्या आठवड्यात या. अर्ध्यावर सोडलंत तर आत पुन्हा सडेल, मग खरंच काढावा लागेल.”

नणंदेचा चेहरा उतरला. “वहिनी, पुन्हा रजा? देतील?”

ओठ बधिर, हनुवटीवर लाळ. एरवी तिने पदराने झाकली असती. आता पुसतसुद्धा नाही. जिभेने दात चाचपते. परका वाटतो, पण जागेवर आहे. माझा आहे.

उद्या येते मी तुमच्यासमोर, डॉक्टरसाहेब. बसा म्हणालात तरी बसणार नाही. दात उपटायला तुम्ही न मागता रजा देता. वाचवायला का नाही? सांगा.